रातकिडा, एकास पस्तीस

खोक्यावर चित्र: बर्फ, धूर, आभाळाला लावलेली तोफ.
आत करड्या प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सहाशे तुकडे,
कागदाहून पातळ असा पितळेचा एक पत्रा,
आणि चोवीस पायऱ्यांची पुस्तिका.
चाकांवरच्या या तोफेला जर्मनांनी नाव दिलं होतं रातकिडा.
एक गोळा अडतीस किलोचा, आणि म्हणे रातकिडा.
ब्लाझेना म्हणाली,
नाव ठेवणाऱ्याला रात्री छान झोप लागत असणार.

लिबेनमधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर.
खालून ट्राम गेली की चिमट्यातला तुकडा थरथरतो.
एकतीस वर्षं ही खिडकी मीच थरथरवली.
अजून नुसत्या ब्रेकवरून सांगतो
हँडलवर कोण आहे,
आणि तो घरून भांडून आलाय की नाही.

पट्ट्याच्या कड्या एकेक सुट्या.
एक बाजू जुळवायला पाच संध्याकाळी गेल्या.
गोंदाचा वास पडद्यांत शिरला, पावातही शिरला.
भिंगाखाली पिवळा रंग दिला, वाळलेल्या मोहरीसारखा,
मग त्यावर चिखल, मग गंज.
नव्या वस्तूला जुनं करायला किती नाजूक हात लागतो!

खरी गाडी जिथं जन्मली तो कारखाना
इथून तीन थांब्यांवर.
माझे वडील, वेंदेलीन, तिथं रिव्हेट ठोकायचे.
त्या वर्षांबद्दल ते एकदाच बोलले,
दाढीला साबण लावून, आरशातल्या स्वतःकडे बघत:
"दर सहाव्याला मी हात आखडता घ्यायचो."
मग वस्तरा चालू झाला.
मी अकरा वर्षांचा, हातात टॉवेल घेऊन उभा.
सहावा कुठून मोजायचा, विचारलं नाही.

पुढं कळलं,
आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या वडिलांनी
काही ना काही सैल सोडलेलं होतं.
कुणी नट, कुणी सांधा, कुणी तेलात वाळू.
इतकं सगळं सैल होतं
तर त्या गाड्या इतक्या लांब गेल्या कशा?
हेही मी विचारलं नाही.
तोवर विचारायला दाढीच उरली नव्हती.

साच्यातून आलेले रिव्हेट सगळे सारखे.
टाचणीच्या टोकाएवढे, रांगेत, आज्ञाधारक.
काल रात्री पातं घेऊन बसलो.
एक, दोन, तीन, चार, पाच.
सहाव्यावर पातं टेकवलं.
क्लबातला यारोश फोटो घेऊन येईल,
बोट ठेवून म्हणेल, इथं चुकलंय तुमचं.
त्याला काय सांगणार?
की हे चुकलेलं आहे असं मला सांगितलं गेलंय?
पातं तसंच धरून बसलो.
हाताला रग लागली, आणि मग
नेमका हात आखडला.
रिव्हेट शाबूत.
आता हे वडिलांसारखं झालं
की बरोबर उलटं, देव जाणे.

आज नात आली, श्टेपांका, सात वर्षांची.
"याला छप्परच नाहीये. पाऊस आला तर?"
भिजायचे, म्हटलं.
"कोण?"
चौकटीवर चार माणसं अजून तशीच आहेत,
पाच सेंटिमीटरची, हात वेगळे, डोकी वेगळी.
त्यांना मी कापून काढलेलं नाही.
तिनं चेहरे नीट बघितले.
"हे वाईट होते?"
मी भिंग पुसत राहिलो.
ब्लाझेनानं बटाटे सोलायचे थांबवले नाहीत,
पण साल जरा जाड निघू लागली.

उत्तर येत नाही म्हटल्यावर
श्टेपांकानं मिऱ्याचा एक दाणा घेतला
आणि तोफेच्या तोंडात बसवला. बरोबर बसला.
"आता नाही उडणार."

खालून ट्राम गेली. वळणावर ब्रेक जरा उशिरा.
नवा पोरगा असणार.
टेबल हललं,
दाणा सुटला, घरंगळत पलीकडे गेला.
ब्लाझेनानं तो न बघताच उचलला
आणि सूपात टाकला.